थर्मास, आठ महिन्यांनंतर: सगळं अडलंय ते एका रिंगपाशी

हिवाळ्याच्या सुट्टीत दोन्ही नातवंडांना घेऊन पाच दिवस डोंगरावर जायचं ठरलं, तेव्हा हा एक लिटरचा स्टीलचा थर्मास घेतला. त्यांच्या आईबाबांशिवाय आमची ही पहिलीच सहल. भल्या पहाटे गरम पाण्यासाठी कुणाला उठवायला लागू नये, एवढाच हेतू होता.

गरम राहण्याबद्दल काही तक्रार नाही. आधी उकळतं पाणी पाच मिनिटं आत ठेवून ओतून टाकायचं आणि मग गळ्यापर्यंत भरायचं. अर्धवट भरला तर लवकर निवतो. उंचावर पाणी 100 अंशांच्या आधीच उकळतं, दर 300 मीटरला साधारण एक अंश कमी. तरीही रात्री भरलेलं पाणी सकाळी धाकटीला निववूनच द्यावं लागायचं. लहान मुलांच्या हातात झाकणाचा कप भरून देऊ नका. आणि दूध त्यात तासन्तास ठेवू नका, कोमट झालं की नासतं.

आता झाकणाच्या आतली ती सिलिकॉनची रिंग.

तिसऱ्या दिवशी सूर्योदय बघायला गेलो आणि पिशवी उघडली, तर धाकटीचा स्वेटर चिंब. बाहेर दात वाजत होते. झाकण नातवानं लावलं होतं, म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर बोलले. तो म्हणाला, "आजी, मी घट्ट लावलं होतं." मी ऐकलं नाही. त्याच दिवशी इथे एक तारा देऊन मोकळी झाले.

तो तारा आज बदलते आहे. रात्री धुताना नीट पाहिलं, तर रिंग उलटी बसली होती आणि आदल्या रात्री ती मीच बसवली होती. एका बाजूची कड किंचित पातळ आहे, ती पाण्याकडे हवी. त्यावर ना बाण, ना खूण. मंद दिव्यात माझ्या वयाच्या माणसाला ते कसं दिसणार? नातवाची मी माफी मागितली. तेव्हापासून रिंग तोच बसवायचा, कडेवरून बोट फिरवून बघायचा. उरलेले दोन दिवस थेंबही गळला नाही.

दुसरा दोष जास्त वाईट. खाच इतकी खोल आहे की रिंग बोटानं निघत नाही आणि न काढता धुतलं तर वास धरतो. चमच्याच्या दांड्यानं काढता काढता पाचव्या महिन्यात तिला चीर पडली. सेवा केंद्राला तीनदा फोन केला. रिंग सुटी मिळत नाही, अख्खं झाकण घ्या. झाकण सध्या शिल्लक नाही. मग म्हणे, नवा थर्मासच घ्या, सवलत देतो!

का घेऊ? उकळतं पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात लावला, अंग थंडच लागलं. म्हणजे दोन भिंतींमधली निर्वात पोकळी शाबूत आहे. बांगडीएवढ्या रिंगसाठी धडधाकट भांडं भंगारात द्यायला माझं मन धजत नाही. कुकरची रिंग सुटी मिळते, मग हिची का नाही?

थर्मासला चार तारे, सेवेला एकही नाही. पुन्हा सुट्टी जवळ येते आहे. परवा नातवानं फोनवर आधी तेच विचारलं, "आजी, रिंग आली का?" अजून आलेली नाही.