तुर्भ्यातील प्रयोगशाळेची जोन्स रोगाची रक्तचाचणी : मेंढपाळांना कितपत उपयोगी?

भातकापणी उरकली की माळशेज घाट उतरून मुरबाडच्या शिवारात येणाऱ्या धनगरांच्या वाड्यांवर मी पशुवैद्यक म्हणून जातो. ‘डॉक्टर, मेंढी खाते पोटभर, पण अंगी काही लागत नाही,’ ही तिथली नेहमीची तक्रार. खाचरांतल्या ओलाव्यात चरणाऱ्या मेंढ्यांना लिव्हर फ्लूक या यकृतातल्या चपट्या कृमीची बाधा होते आणि त्यात जबड्याखाली पाणीही साठते, म्हणून कृमिनाशक पाजून विषय संपवला जातो. औषधानंतरही खंगत जाणाऱ्या मेंढ्यांना जोन्स रोग, म्हणजे आतड्याचा जुनाट जिवाणूजन्य रोग, आहे का हे पाहण्यासाठी यंदा मी तुर्भे औद्योगिक वसाहतीतील एका खाजगी पशुरोगनिदान प्रयोगशाळेची एलायझा ही रक्तचाचणी करून घेतली.

या रोगात गाईला होणारी पातळ हगवण मेंढीत बहुधा दिसत नाही. ती नुसती वाळत जाते. शेणातून जिवाणू वाढवून पाहायचा तर मेंढीतला प्रकार वाढायला कित्येक महिने घेतो आणि तोवर कळप घाट चढून गेलेला असतो. म्हणूनच रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, मोजणारी एलायझा इथे कामाची ठरते.

प्रयोगशाळेचे तांत्रिक काम मला उत्तम वाटले. वाहतुकीत हिंदकळून लालसर झालेले सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारे पाणी) त्यांनी तसेच न वापरता मला दूरध्वनी करून नवे नमुने मागवले. मातीतल्या निरुपद्रवी जिवाणूंविरुद्धची प्रतिपिंडे निकालात गोंधळ घालू नयेत म्हणून सीरम आधी मायकोबॅक्टेरियम फ्लेई या तशाच एका निरुपद्रवी जिवाणूच्या अर्कात मिसळतात, हेही त्यांनी प्रत्यक्ष दाखवले. पुढे चाचणीच्या खळगे असलेल्या प्लेटवर प्रतिपिंडे दाखवणारा रंग उमटला तेव्हा जबड्याखाली सूज असलेल्या एका म्हाताऱ्या मेंढीचा खळगा गर्द पिवळा झाला होता आणि शेजारचे जवळजवळ पाण्यासारखे होते. त्याच मेंढीच्या लेंडीच्या काचपट्टीवर आम्ल-स्थिर (आम्लाने धुतले तरी रंग न सोडणाऱ्या, जोन्सच्या जिवाणूसारख्या) जिवाणूंचे गुलाबी पुंजके दिसले, तेव्हा निदानाबद्दल शंका उरली नाही.

माझा आक्षेप अहवालाच्या भाषेवर आहे. ज्या मेंढ्यांचा निकाल नकारात्मक आला त्यांच्यापुढे ‘रोगमुक्त’ असे छापलेले असते, आणि हे शास्त्राला धरून नाही. लागण बहुतेक वेळा कोकरू असताना, आईच्या शेणाने माखलेल्या आचळातून होते. पुढे दीर्घकाळ शरीर प्रतिपिंडांऐवजी रोगप्रतिकारक पेशींच्या बळावर झुंजते आणि प्रतिपिंडे रोग बराच बळावल्यावर वाढतात. त्यामुळे सकारात्मक निकाल बराच विश्वासार्ह असला, तरी लागण झालेल्या पण अजून धडधाकट दिसणाऱ्या बऱ्याच मेंढ्या या चाचणीतून निसटतात. ‘रोगमुक्त’ या शब्दावर विसंबून एखादा धनगर अशी मेंढी पैदाशीसाठी ठेवील किंवा दुसऱ्या वाड्याला विकील, आणि उपचार नसलेला हा रोग तिच्या लेंडीबरोबर तिथेही पोहोचेल. ‘प्रतिपिंडे आढळली नाहीत’ एवढेच छापावे, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

नमुन्यासोबतच्या अर्जात कळपात पू भरलेल्या गाठींचा रोग आहे का आणि जोन्सची लस दिली आहे का, हे विचारायला हवे. दोन्हींमुळे चाचणी खोटी सकारात्मक येऊ शकते, आणि एका चुकीच्या निकालाने गरीब माणसाची दुभती मेंढी खाटकाकडे जाते. शिवाय 96 खळग्यांची प्लेट भरेपर्यंत ते नमुने थांबवून ठेवतात. खर्चाचा विचार करता ते समजण्यासारखे आहे, पण एकट्यादुकट्या मेंढीच्या मालकाला वाट पाहावी लागते.

तरीही ही सेवा घ्यावी, असे मी सांगेन, मात्र ती कळपात रोग शिरला आहे का हे शोधण्यासाठी, एकेका मेंढीला निर्दोष ठरवण्यासाठी नव्हे. नमुने दोन वर्षांवरील, त्यातही वाळलेल्या मेंढ्यांचे घ्यावेत, सोबत लेंडी वेगळ्या डबीत द्यावी आणि अहवालात मेंढीच्या प्रत्येक कानबिल्ल्यापुढे टक्केवारीचा आकडा (तिच्या नमुन्याचा रंग खात्रीच्या सकारात्मक नमुन्याच्या किती टक्के आला तो) आवर्जून मागावा. मागितल्यास तो देतात. फाल्गुनाच्या आत नमुने पोहोचले, तर कळप देशावर परतण्याआधी बाधित मेंढ्या वेगळ्या काढता येतात.