बीएम-८०० मध्ये कोणती कॅप्सूल बसवावी? कोकणच्या हवेतला हिशेब

बीएम-८०० हा स्वस्त कंडेन्सर माईक सुधारायचा म्हटलं की त्याची कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा आतला भाग, बदलण्याच्या दोन वाटा दिसतात: ३४ मिलिमीटरची सोनेरी पडद्याची मोठी कॅप्सूल, नाहीतर २५ मिलिमीटरची इलेक्ट्रेट, म्हणजे जिच्यात विद्युतभार कायमचा भरलेला असतो ती. घाटावर हा आवडीचा प्रश्न. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत तो आधी दमटपणाचा आहे.

काहीही उघडण्यापूर्वी वीज तपासा. सोबत आलेली वायर थेट लॅपटॉपला लावली असेल, तर माईकला जेमतेम काही व्होल्ट मिळतात. आवाज बारीक येतो, गेन (आवाजाची पातळी) वाढवला की खरखरही वाढते. ४८ व्होल्ट फँटम (वायरीतूनच माईकला मिळणारी वीज) देणाऱ्या ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे माईक आणि संगणक जोडणाऱ्या पेटीवर, एकदा ऐका. कित्येकांची तक्रार तिथेच मिटते.

मोठ्या कॅप्सूलमध्ये तिची स्वतःची खरखर कमी आणि गळ्याचा भरदारपणा जास्त, हे खरं. पण तिला साधारण ६० व्होल्टचं पोलरायझेशन, म्हणजे पडदा भारित ठेवणारा दाब, लागतं; म्हणजे आतला सर्किट बोर्डही बदलणं आलं. त्या बोर्डावर १ गिगाओहमचे, म्हणजे वीज जवळजवळ जाऊच न देणारे रेझिस्टर असतात आणि दुखणं नेमकं तिथे आहे. सोल्डर करताना वापरलेल्या फ्लक्सचा पातळ थर राहिला, त्यावर खारी ओल बसली, की वीज त्या थरातून झिरपते आणि जून ते सप्टेंबर माईक तडतडत राहतो. म्हणून जोडणी झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने बोर्ड घासून पूर्ण वाळवा. एफईटीचा (कॅप्सूलचा क्षीण सिग्नल सांभाळणारा ट्रान्झिस्टर) गेट नावाचा पाय बोर्डात न घालता हवेतच रेझिस्टर आणि कॅप्सूलच्या तारेला जोडा. पडद्याला बोट लावू नका, फुंकरही नको.

बऱ्याच इलेक्ट्रेटमध्ये एफईटी कॅप्सूलच्या धातूच्या डबीतच बंद असतो. अशा कॅप्सूलमध्ये नाजूक जोड बाहेर उघडा राहत नाही, त्यामुळे पावसाळ्यात ती कमी त्रास देते. घरात भजन, गाऱ्हाणं किंवा निवेदन रेकॉर्ड करणाऱ्याने हीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. डबीला जोडलेलं टोक म्हणजे ग्राउंड. उलटं जोडलं तर आवाज येणार नाही. सोल्डरिंग आयर्न टोकावर दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, आतला एफईटी जळतो. मागची भोकं गोंदाने किंवा फोमने बुजली, तर माईक चहूबाजूंचं ऐकू लागतो आणि पत्र्यावरचा पाऊसही रेकॉर्ड होतो.

जाळीचा आतला बारीक थर काढला तर आवाज मोकळा होतो. बाहेरचा मात्र ठेवा. तो बॉडीला जिथे टेकतो तिथला रंग खरवडून ग्राउंड पक्का करा, नाहीतर घूंऽऽ असा हम येतो. आतला थर काढल्यावर ‘प’, ‘फ’च्या हवेचे फटके वाढतात, त्यासाठी बाहेर पॉप फिल्टर लावा.

डबलबारी किंवा दशावताराच्या रंगमंचावर यातली एकही कॅप्सूल नको, स्पीकर शेजारी असले की शिट्टी येते. तिथे डायनॅमिक माईकच लावा.

काम झाल्यावर माईक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून वाळवा, पण स्वयंपाकाच्या कढईत नाही.