बटेर अंडी देईनात: आधी दिवा की आधी दाणा?

नाशिकची थंडी पडली की गच्चीवरच्या जपानी बटेर माद्या हमखास संप पुकारतात. मग दाणा बदलायचा की दिवा लावायचा?

माझं मत सरळ आहे: आधी दिवा. बटेरला नियमित अंडी द्यायला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा. उरलेले तीन ते पाच तास छोट्या एलईडीने भरून काढायचे, तेही टायमर लावून. कारण रोजची वेळ बदलली की पक्षी गोंधळतात. उजेड एकदम न वाढवता दर आठवड्याला अर्धा-एक तास वाढवा. रात्री मात्र अंधार हवाच; रात्रभर बल्ब जळत ठेवणारे पक्ष्यांची झोपच उडवतात. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात, धीर धरा.

दाण्याचं काम वेगळं. नुसती बाजरी-कणी खाऊन कुणी रोज अंडं देणार नाही. प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास हवीत. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार (लेअर) खाद्यात ती सहसा कमी असतात. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. कवच पातळ किंवा मऊ येत असेल, तर दिव्याआधी दाण्याकडेच बघा.

खर्चात दिवा स्वस्त, दाणा कायमचा. आणि हो, बटेर बहुधा दुपारनंतर अंडी देतात. सकाळी पिंजरा रिकामा दिसला म्हणून लगेच नाराज होऊ नका.