फोंड्यातल्या मराठी ‘डिफरन्शियल’ नोट्स : पहिला अर्धा भाग घ्यावाच असा

गोव्यात फोंड्याजवळच्या फर्मागुडीला इंजिनिअरिंग करायला येणारी डिचोली-सत्तरीकडची अनेक मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकलेली असतात. डोक्यात हिशेब मराठीत, पेपर मात्र इंग्रजीत. फोंड्यात झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या, डिफरन्शियल समीकरणांच्या (एखादी गोष्ट किती वेगाने बदलते ते मांडणाऱ्या समीकरणांच्या) या स्पायरल नोट्स अशा मुलांसाठीच आहेत. समजावणं मराठीत, संज्ञा परीक्षेतल्या इंग्रजी. 84 पानं, 110 रुपये.

सुरुवात फार चांगली. पहिल्या पानावर सूत्र नाही, चहाचा कप आहे. खोली 30 अंश, चहा 90, दहा मिनिटांनी 60. मग वीस मिनिटांनी किती? 90चे 60 झाले म्हणजे दोन तृतीयांश, म्हणून आता 40, असं बरीच मुलं लिहून मोकळी होतात. नोट्स म्हणतात, हाच हिशेब आणखी दहा मिनिटं पुढे न्या: चहा 26.7 अंशांवर येतो, खोलीपेक्षा थंड! घटतो तो चहा आणि खोली यांच्यातला फरक. 60चा 30 झाला, 30चा 15 होणार, म्हणून उत्तर 45. हे पटल्यावरच समीकरण मांडलंय. हा क्रम वर्गातही क्वचितच पाळला जातो.

लिनियर समीकरणांचं (वाय आणि त्याचा डेरिव्हेटिव्ह फक्त पहिल्या घातात असतात त्यांचं) प्रकरण सगळ्यांत सरस. ‘एक्स गुणिले डीवाय बाय डीएक्स, अधिक 2वाय, बरोबर एक्सचा वर्ग’ हे गणित मुद्दाम आधी चुकवून दाखवलंय. पी, म्हणजे वायचा गुणक, 2 धरला की इंटिग्रेटिंग फॅक्टर (ज्याने गुणलं की समीकरण सुटतं तो) ‘ईचा 2एक्स घात’ येतो आणि पुढे काहीच जुळत नाही. आधी सगळ्याला एक्सने भागा. पी होतो 2 भागिले एक्स, फॅक्टर येतो एक्सचा वर्ग, आणि चार ओळींत उत्तर: एक्सचा वर्ग भागिले 4, अधिक सी (स्थिरांक) भागिले एक्सचा वर्ग. उत्तर मूळ समीकरणात घालून पडताळायची सवयही इथेच लावलीय.

व्हेरिएबल सेपरेबलमध्ये (वाय एका बाजूला, एक्स दुसऱ्या बाजूला नेऊन सोडवायच्या गणितांत) मात्र एक मोठी उणीव राहिलीय. ‘डीवाय बाय डीएक्स बरोबर वायचा वर्ग’ सोडवताना वायच्या वर्गाने भागलंय, पण वाय शून्य असेल तर काय, याचा उल्लेखच नाही. ‘एक्स शून्य असताना वाय शून्य’ अशी अट आली की मुलगा सी शोधत बसतो आणि तो सापडतच नाही. उत्तर असतं ‘वाय कायम शून्य’, जे भागतानाच हातातून निसटलं. एक ओळ पुरली असती.

सेकंड ऑर्डरला (दोनदा घेतलेला डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वायवर दोन डॅश, असलेल्या समीकरणांना) घाई जाणवते. सीएफ (उजवी बाजू शून्य धरून येणारा उत्तराचा भाग) ठीक, पण पीआयचा (उजव्या बाजूमुळे येणाऱ्या भागाचा) फक्त तक्ता. ‘वाय डबल डॅश अधिक 4वाय बरोबर साइन 2एक्स’ इथे नेहमीचा अंदाज घातला की डावी बाजू शून्य होते, म्हणून त्याला एक्सने गुणायचं, एवढंच सांगितलंय. उत्तर वजा एक्स कॉस 2एक्स भागिले 4 बरोबर आहे, पण त्यातल्या एक्समुळे झोके वाढतच जातात, यालाच रेझोनन्स म्हणतात, हे कुठेच नाही. मेकॅनिकल-सिव्हिलच्या मुलांना पुढे लागतं ते नेमकं हेच.

विकत घेताना शेवटची वीस पानं तिथेच उघडून पाहा. प्रत पुसट असली की दोन डॅशांचा एकच दिसतो आणि सेकंड ऑर्डरचं गणित फर्स्ट ऑर्डरचं होऊन बसतं. लाप्लास ट्रान्सफॉर्म (ही समीकरणं सोडवायची आणखी एक पद्धत) यात नाही, त्याची सोय वेगळी करावी लागेल.