आत्मिक दान ओळखताना: प्रश्नावली की मंडळीतील सेवा?

आपल्याला कोणते आत्मिक दान (म्हणजे पवित्र आत्म्याने इतरांच्या सेवेसाठी दिलेली क्षमता) लाभले आहे, हे जाणू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यापुढे आज मुख्यतः दोन वाटा असतात. एक म्हणजे प्रश्नावली भरून गुणांची बेरीज करणे. दुसरी म्हणजे मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, पडेल ते काम अंगावर घेणे आणि आपल्या कोणत्या सेवेने इतरांची उन्नती होते, हे त्यांच्याच तोंडून ऐकणे.

प्रश्नावलीची पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतील मंडळ्यांत रुजली आणि मंडळीवाढीचे अमेरिकन अभ्यासक सी. पीटर वॅग्नर यांच्या लेखनामुळे दूरवर पोहोचली. शंभराहून अधिक विधाने वाचायची, प्रत्येकापुढे आपल्या अनुभवाप्रमाणे ० ते ३ गुण मांडायचे आणि सर्वांत जास्त बेरीज कोणत्या दानाच्या रकान्यात येते ते पाहायचे, असे तिचे साधे स्वरूप आहे. तिचा खरा लाभ असा की, आत्मिक दान म्हणजे उपदेश करणे किंवा अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेली भाषा) बोलणे एवढेच ज्याने आजवर ऐकले आहे, त्याला दया करणे, दानधर्म करणे, कारभार पाहणे हीही प्रेषित पौलाने बायबलमधील आपल्या पत्रांत मोजलेली कृपादाने आहेत, हे तासाभरात कळते. बुजऱ्या स्वभावाच्या माणसाला हा मोठाच दिलासा असतो.

परंतु या पद्धतीत साक्षीदार आपण स्वतःच असतो. एका युवक शिबिरात मी अशी प्रश्नावली भरली, तेव्हा ‘शिक्षण’ या रकान्यात सर्वाधिक गुण आले आणि मी उत्साहाने शब्बाथ शाळेचा (मुलांच्या बायबल-शिक्षणाचा) वर्ग मागून घेतला. वर्षभर मुले चुळबुळत राहिली. त्याच काळात मंडळीतील एका आजारी मावशींकडे मी दर गुरुवारी जात असे. त्यांना एखादे स्तोत्र वाचून दाखवावे, आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावून द्याव्यात, एवढेच माझे काम. एकदा त्या म्हणाल्या, “तू येऊन गेलास ना बाळा, की त्या रात्री मला झोप लागते.” माझ्या कागदावर ‘दया’ हा रकाना पाचवा होता. मी उत्तरे खोटी लिहिली नव्हती. मला शिकवणे मनापासून आवडत होते आणि कागदावर ती आवडच उतरली.

दुसरी अडचण यादीची आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात सात दाने येतात, तर करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात ८ ते १० या वचनांत नऊ, आणि या दोन याद्या बहुतांशी वेगळ्या आहेत. यावरून पौलाने कोणतीही यादी पूर्ण म्हणून दिलेली नाही, असे मला वाटते. प्रश्नावलीत मात्र रकाने ठरलेले असतात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वळणाची जी भजने मराठी मंडळीला दिली आणि जी आपण आजही उपासनेत गातो, त्या दानासाठी कोणता रकाना शोधावा?

सेवेची वाट या दोन्ही बाबतींत अधिक विश्वासार्ह आहे, कारण दान ‘सर्वांच्या हितासाठी’ दिलेले असेल, तर त्याची पारख ज्यांचे हित झाले त्यांनीच करावी, हे उचित आहे. तरीही तिच्या उणिवा झाकू नयेत. तिला सहा महिने, कधी वर्षही लागते. शिवाय अनेक मंडळ्यांत कामे आधीच वाटलेली असतात. तरुणींच्या वाट्याला सजावट आणि चहापाणी येते, वचन उघडून सांगण्याची संधी त्यांना मिळतच नाही, आणि न मिळालेल्या संधीतून दान दिसणार तरी कसे? अशा मंडळीत बहिणीने भरलेली प्रश्नावली वडीलजनांपुढे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पुढाऱ्यांपुढे, ठेवणे हे रास्त पाऊल आहे, असे मी आग्रहाने म्हणेन.

हात ठेवून केलेल्या प्रार्थनेत एखाद्याचे दान सांगितले जाण्याची तिसरी वाटही आहे आणि तिला तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (४:१४) आधार आहे. पण ती आपल्या निवडीची नव्हे, म्हणून येथे तुलनेत घेतलेली नाही.

आपण वर्षानुवर्षे एकाच मंडळीत असाल, तर प्रश्नावली बाजूला ठेवून दोन-तीन वेगळ्या सेवा प्रत्येकी काही महिने करून पाहाव्यात. नोकरीनिमित्त नव्या शहरात आला असाल आणि तिथे आपल्याला कोणी ओळखत नसेल, तर आरंभ प्रश्नावलीने करण्यास हरकत नाही. मात्र तो कागद वर्षभर जपून ठेवावा आणि मग आपल्याला जवळून पाहिलेल्या एखाद्या वडीलजनांच्या हाती देऊन, यातली कोणती बेरीज त्यांना पटत नाही, हे विचारावे.