भांडी बाजारातल्या मामांनी आजोबांच्या पुंगळ्या वाचवल्या

काम: जुन्या पितळी वस्तूची दुरुस्ती आणि सफाई
माझे गुण: पाचपैकी साडेचार

आजोबा लष्करात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारे होते, देवळालीहून निवृत्त झाले. .३०३ रायफलच्या झाडलेल्या पाच पुंगळ्या सागवानी पाटावर बसवून त्यांनी स्वतःसाठी टाक ठेवायचं घर केलं होतं. त्यासोबत कागद कापायची एक सुरी आहे, तिच्या मुठीच्या टोकाला त्याच काडतुसाची गोळी बसवलेली. टाक गेले, बॉलपेन आले, पण घर टेबलावरून हललं नाही. आजोबा गेल्यावर ते सिन्नरजवळच्या आमच्या गावच्या घरी गेलं आणि पंचवीस-तीस वर्षं गोठ्याला लागून असलेल्या फडताळात पडून राहिलं. गेल्या वर्षी मी ते नाशिकला आणलं, तेव्हा दोन पुंगळ्यांच्या मानेला उभ्या चिरा गेलेल्या होत्या.

आधी मी चूक केली, ती सांगते. घराजवळच्या एका पॉलिशवाल्याकडे नमुना म्हणून एक पुंगळी काढून दिली. त्याने ती बफवर, म्हणजे चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर धरली आणि सोन्यासारखी चकचकीत करून हातात ठेवली. बुडावर ‘के’, ‘एफ’, ४३ आणि रोमन सात असे ठसे होते, म्हणजे खडकीच्या कारखान्यात १९४३ साली तयार झालेलं मार्क सात काडतूस. आता तिथे बोट फिरवलं तरी काही लागत नाही. बुडाच्या मध्ये बसवलेल्या, घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या टोपीभोवती लाखेची जांभळी कड होती. साध्या गोळीच्या काडतुसाची ती खूण, तीही गेली. मानेवरची निळसर झाक पुसली गेली. कारखान्यात मान तापवून पितळ मऊ करताना दिलेल्या उष्णतेचा तो डाग असतो, मळ नसतो. घरी आल्यावर मला रडू आलं.

मग भाचीने भांडी बाजारातल्या या मामांचं नाव काढलं. रविवार कारंजावर उतरून सरकारवाड्याच्या बाजूने चालत जायचं, तांब्याचे हंडे टांगलेल्या दुकानांच्या मागे बोळात त्यांची बारा बाय दहाची खोली आहे. पाटी नाही. पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघ मात्र भिंतीवर आहे, आणि भट्टी त्या रेघेच्या वर बांधलेली आहे.

पिशवी उघडायच्या आतच त्यांचा पहिला प्रश्न आला, “ताई, सगळं रिकामं आहे ना?” मी हो म्हटलं, तरी त्यांनी एकेक पुंगळी उलटी करून टोपीवर खड्डा आहे का ते पाहिलं, मग टॉर्च लावून आत पाहिलं. खड्डा नसलेली टोपी म्हणजे न झाडलेली, अशी वस्तू मी खोलीत ठेवतच नाही, म्हणाले. एकदा एकाने वाड्याच्या माळ्यावर सापडलेलं भरलेलं काडतूस आणलं होतं. मामांनी हात न लावता त्याला सांगितलं, दुसरं कुणी ते हाताळणार नाही असं बघ आणि पोलीस ठाण्यात कळव. मला हा माणूस तिथेच पटला. बाजूला भट्टी पेटलेली असताना ही विचारपूस हवीच.

चिरांचं कारण त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं. मी रसायनशास्त्र शिकवत होते, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पत्रा ओढून-दाबून त्याची नळी करताना धातूत ताण शिल्लक राहतो, आणि अशा ताणलेल्या पितळाला अमोनिया लागला की ते चिरतं. ब्रिटिश फौजेची हिंदुस्थानात ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकायची. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा हे त्याचं कारण १९२१ साली संशोधकांनी मांडलं. आमच्याकडे घोडे नव्हते, गाई होत्या. मामा क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, “म्हणजे गोठ्यातल्या समया फुटतात त्या याच्यामुळं.” तीस वर्षं ते अशा समया झाळत आले आहेत.

काम त्यांनी फार समजून केलं. आधी पुंगळ्या आतून गरम पाण्याने तीनदा धुतल्या. त्या काळच्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की मिठासारखा क्षार मागे राहतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि आतून पितळ हिरवं पडत जातं. मग रिठ्याच्या पाण्याने बाहेरून हलक्या हाताने सफाई. बफ नाही, चिंच नाही, तेजाब नाही. चिरांना त्यांनी आतल्या बाजूने कथील-शिशाचं झाळ दिलं. ते १८३ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे बाहेरचा रंग जसाच्या तसा राहिला. जवळून पाहिलं तर चिरेची केसाएवढी रेघ दिसते. मला ती दिसलेली चालते.

सुरीच्या मुठीतली गोळी मात्र सैल होती आणि तिथे झाळायला त्यांनी साफ नकार दिला, आत शिसं आहे म्हणून. बरोबरच होतं. मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली: मार्क सातच्या गोळीत टोकाला शिसं नसून बहुधा ॲल्युमिनियम असतं, म्हणून तिचं वजन मागे जातं. त्यांनी ती बोटावर तोलून पाहिली आणि हसले. शेवटी लाखेने बसवून दिली, घट्ट आहे.

अर्धा गुण कापला तो वेळेसाठी. आठ दिवस सांगून तेवीस दिवस लागले, फोन उचलत नाहीत, दोन हेलपाटे फुकट गेले. गुडघे दुखणाऱ्यांनी त्या बोळात एकट्याने जाऊ नये, उंबरा उंच आहे. पैसे रोखच लागतात. सगळ्याचे मिळून साडेसहाशे घेतले, आणि बफ केलेल्या पुंगळीला हातही लावला नाही. “तिचं आता काही करता येत नाही, ताई. हवेवर ठेवा, काळी होईल हळूहळू.”

जाणार असाल तर वस्तू घरी चकाकवून नेऊ नका. बाटलीतल्या काही पॉलिशांना अमोनियाचा उग्र वास येतो, ती अशा पितळाला अजिबात लावू नका. सकाळी अकरानंतर जा, आणि बुडावरचे ठसे राखायचे आहेत हे पहिल्याच वाक्यात सांगा.

घर आता माझ्या टेबलावर आहे. पाचवी पुंगळी अजून चकाकते, मी ती भिंतीकडे ठेवली आहे.