किशोर कादंबरी शिकायला गेले आणि साडेसत्तावीस हजार गमावले

मी साताऱ्यात शाळेत शिकवते. ग्रंथालयाच्या तासाला आठवी-नववीची मुलं विचारतात, "बाई, आमच्या वयाच्या मुलांचं काही आहे का?" बालकथा त्यांना पोरकट वाटतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून पेलत नाहीत. त्यांच्यासाठी लिहावं म्हणून फेसबुकवरची जाहिरात पाहून मी किशोर कादंबरी लेखनाच्या आठ आठवड्यांच्या ऑनलाइन कार्यशाळेत नाव घातलं. फी ६,५०० रुपये.

सुरुवातीचे तास खरंच चांगले होते. चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडी उपदेश घालू नका, तिचा निर्णय तिलाच घेऊ द्या, हे मी तिथेच शिकले. म्हणूनच विश्वास बसला. सहाव्या आठवड्यात फोन आला, "मॅडम, तुमची कादंबरी प्रकाशनासाठी निवडली आहे." तोवर माझी जेमतेम तीन प्रकरणं लिहून झाली होती. अर्धवट कादंबरी कोण निवडतं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. आनंदाच्या भरात मी आणखी २१,००० रुपये यूपीआयने भरले : आयएसबीएनचे (म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे) ५,०००, कॉपीराइटचे ८,०००, संपादनाचे ८,०००.

मग 'संपादकीय अहवाल' आला, दोन पानांचा. त्यात लिहिलं होतं, 'नायकाचं वडिलांशी असलेलं नातं अधिक खुलवा.' माझ्या कादंबरीत नायक नाहीच, नायिका आहे, आणि तिचे वडील पहिल्या पानाच्या आधीच वारलेले आहेत. नाशिकच्या एका सहभागी ताईंना विचारलं, तर त्यांचा अहवालही शब्दन्‌शब्द तोच. माझी तीन प्रकरणं कुणी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

त्यानंतर करार आला. चित्रपटासकट सगळे हक्क कायमचे त्यांचे, मानधनाचा आकडा कुठेच नाही. मी सही केली नाही, पैसे परत मागितले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढून टाकलं.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की भारतात आयएसबीएन मोफत मिळतो. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडे लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे आपण लिहिलं की कॉपीराइट आपलाच होतो, नोंदणीची सक्ती नाही. करायचीच असेल तर साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. हक्क लिहून द्यायचे असतील, तर करारात मानधन नमूद असावंच लागतं, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. नाशिकच्या ताई आणि मी मिळून आता ग्राहक आयोगात जाणार आहोत. 'नायकाचं वडिलांशी असलेलं नातं' असा अहवाल तुम्हालाही आला असेल, तर तो, पैसे भरल्याचे पुरावे आणि सगळे मेसेज जपून ठेवा. काहीही पुसू नका.